पुलावरून पाणी होतं, हे खुलाशात लिहिलंस का?

मांजरा नदीच्या काठावरच्या एका गावातून परिचारिकेचं पत्र आलंय. नाव-गाव छापू नका म्हणाली, म्हणून ते काढलंय. बाकी मजकूर थोडा आटोपता करून देते.

"अक्का, मी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात कंत्राटी स्टाफ नर्स आहे. गावापासून दवाखाना चौदा किलोमीटर. सप्टेंबर २०२५ च्या पुरात सोमवारी रात्री आमच्या गावाला पाण्यानं वेढा दिला. मंगळवारी सकाळी आठची माझी ड्युटी होती. पहाटे तीनपासूनच पुलावरून पाणी वाहत होतं. घरात चार वर्षांचं लेकरू, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. मालक जनावरांची दावी सोडायला मळ्यात गेलेले, ते दुपारपर्यंत तिकडंच अडकले. मी आणि शेजारच्या दोघांनी सासूबाईंना बाजेसकट शाळेवर नेलं. मोबाईलला रेंज नव्हती. बुधवारी दहाच्या सुमाराला रेंज आली, तर दवाखान्याचे अकरा मिस कॉल. मला उचलायचा धीर झाला नाही. गुरुवारी पाणी ओसरल्यावर गेले. माझ्या जागेवर दोन सिस्टर सोमवारी रात्री आठपासून बुधवारी दुपारपर्यंत उभ्या होत्या. सर्पदंशाचे तीन पेशंट, दोन बाळंतपणं. त्या दोन सिस्टरांतली एक अजून माझ्याशी बोलत नाही. दुसरी सगळ्यांसमोर म्हणाली, 'काहींना पाऊस बरा सापडतो.' साहेबांनी कारणे दाखवा नोटीस दिली. मी घाबरून दोन ओळी लिहून दिल्या: 'माझी चूक झाली, पुन्हा होणार नाही, माफ करावे.' आता माझ्या अकरा महिन्यांच्या नेमणुकीच्या आदेशाची मुदत संपत आली आहे आणि तो कागद फाईलला लागलाय. रात्री झोप येत नाही. मी खरंच कामचुकार आहे का?"

लेकी,

कामचुकार नाहीस. पण तुझ्या पत्रात एक गोष्ट तुझी चुकलेली आहे, आणि ती तू समजतेस ती नाही. त्यावर येतेच. आधी त्या दोन ओळींचं बघू, कारण मुदत थांबत नसते.

"माझी चूक झाली" असं का लिहून दिलंस? कसली चूक? नदीला पूर आला ही? आपल्याकडं साहेबांच्या टेबलासमोर उभं राहिलं की बाईमाणसाच्या तोंडून आधी माफी निघते, खरं काय झालं ते नंतर. फाईल मात्र माफी वाचते आणि गुन्हा कबूल झाला असं धरते. उद्या आदेश वाढवायचा की नाही हे ठरवणाऱ्या माणसाला त्या कागदावर पूल दिसणार नाही, पाणी दिसणार नाही, बाजेवरची सासू दिसणार नाही. दिसेल ती फक्त तुझी सही.

म्हणून या आठवड्यातच "पूरक खुलासा" म्हणून दुसरा अर्ज दे. आधीचा खुलासा घाईत आणि मानसिक ताणात दिला होता, त्यात वस्तुस्थिती यायची राहिली, एवढं एका वाक्यात म्हण आणि मग तारीख-वेळ लावून क्रमानं लिही. सोमवारी किती वाजता पाणी गावात शिरलं. पूल किती वाजता बंद झाला, कधी खुला झाला. मालक कुठं होते. सासूबाईंना किती वाजता शाळेत हलवलं, सोबत कोण होतं. रेंज कधी गेली, कधी आली. गुरुवारी किती वाजता हजर झालीस. रडगाणं नको, विशेषणं नकोत. तलाठ्याकडं जा. पुराचे पंचनामे झालेत, गावाला वेढा पडल्याची नोंद तहसीलला गेलेली असते, त्याची नक्कल माग. ग्रामपंचायतीचा दाखला घे. त्या दिवशी तुमच्या रस्त्याची एसटी बंद होती का, हे आगारातून लिहून मिळालं तर तेही जोड. अर्ज आवक विभागात दे, तुझ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घे. पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नको. आणि एकटी जाऊ नको. परिचारिका संघटनेतली कुणीतरी जाणती बाई सोबत ने. कंत्राटी आहे म्हणून संघटना आपली नाही असं समजू नको.

कुणी तुला आपत्ती व्यवस्थापन कायद्याची भीती घातली असेल, म्हणून सांगते. तो २००५ चा कायदा. त्याच्या ५६ व्या कलमात, नेमून दिलेलं काम करायला नकार देणाऱ्या किंवा कामातून अंग काढून घेणाऱ्या अधिकाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड सांगितलाय, हे खरं आहे. पण त्याच कलमात वरिष्ठांची लेखी परवानगी किंवा दुसरी कायदेशीर सबब असेल तर गोष्ट वेगळी, हेही लिहिलंय. जाता न येणं आणि जायला नकार देणं या दोन गोष्टी कायद्यालाही वेगळ्या कळतात. मी वकील नाही. प्रकरण नोटिशीच्या पुढं गेलं तर वकिलाला कागद दाखव. पण भीतीनं आणखी एक माफीनामा लिहून देऊ नको.

आता तुझं जे चुकलं ते.

बुधवारी दहा वाजता रेंज आली. अकरा मिस कॉल दिसले. तू फोन उचलला नाहीस, उलटा फोनही केला नाहीस. दवाखान्यात त्या वेळी दोन बाया अडतीस तासांपासून उभ्या होत्या. तू येतेयस की नाही हे त्यांना माहीत नव्हतं. "मी आज येऊ शकत नाही, पूल बंद आहे" एवढं कळलं असतं तर इन्चार्ज सिस्टरनी दुसरीकडं हात पसरले असते. शेजारच्या तालुक्यातून कुणी मागवली असती, प्राथमिक आरोग्य केंद्राची एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका, बोलावली असती. न येणारी सिस्टर चालते गं, तिच्याशिवाय मांडणी करता येते. येईल-येईल म्हणून जिची वाट बघावी लागते, तिनं घोळ होतो. हे मी तुला दुखवायला लिहीत नाही. चौतीस वर्षं वॉर्डात काढलीत, वाट बघत उभं राहणं काय असतं ते मला ठाऊक आहे. खुलाशात हेही लिही, सरळ: "बुधवारी सकाळी संपर्क शक्य होता, मी घाबरल्यामुळे केला नाही, याची मला जाणीव आहे." एवढी एक गोष्ट कबूल केलीस की बाकीचं सगळं खरं वाटतं. कारण ते खरंच आहे.

त्या दोन सिस्टरांचा राग तुला अन्यायाचा वाटत असेल. रागाबद्दल एक सांगते, माझंच.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती बोळवलेले, लोक दमून झोपलेले. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. मी तेव्हा लातूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या एका दवाखान्यात होते, नाईटला. उजाडता उजाडता पहिला ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत माणसं, वरून धुळीनं एकाच रंगाची झालेली. त्या भागातली घरं तू पाहिली असशील, दीड-दोन हाताच्या जाड दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद. ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं होतं. आम्ही नाडी बघायच्या आधी तोंडातली माती काढत होतो. बोटाला गॉज गुंडाळायचा, ओला करायचा, गालाच्या आतून फिरवायचा. गॉज काळा व्हायचा. दुसरा घ्यायचा. सकाळी नऊपर्यंत गॉज संपला, मग आम्ही धोतरं फाडली.

माझ्यासोबत ड्युटीला आणखी एक सिस्टर होती. तिचं माहेर त्या पट्ट्यातलं. प्रत्येक ट्रॉली आली की ती आधी तोंडं बघायची, मग काम करायची. दहाच्या सुमाराला जखमी उतरवून एक रिकामा टेम्पो परत निघाला, तशी ती डॉक्टरांशी दोन शब्द बोलली आणि त्यात चढली. मी व्हरांड्यातून ओरडले, "जातेस तर जा, पण परत तोंड दाखवू नको." सगळ्यांनी ऐकलं.

दुपारपासून येणाऱ्या काही जखमींच्या अंगावर चिठ्ठ्या यायला लागल्या. वहीचं पान, सुतळीनं मनगटाला बांधलेलं. "डावा पाय पहाटेपासून भिंतीखाली होता. अकरा वाजता काढला. लघवी नाही." एवढंच. पण त्या एवढ्याशाचं मोल तुला कळेल. तासन् तास दाबलेला पाय मोकळा झाला की चिरडलेल्या स्नायूंतलं विष रक्तात उतरतं आणि वरून धडधाकट दिसणाऱ्या माणसाची किडनी बसते. चिठ्ठी असली की डॉक्टर त्याला आधी सलाईन लावायचे. अक्षर मी पहिल्याच चिठ्ठीला ओळखलं. तिचंच होतं. तरी माझा राग गेला नाही. चौथ्या दिवशी ती परत आली, नखं तुटलेली, आणि न बोलता गणवेश घालून उभी राहिली. तिचे वडील आणि भावाचं एक लेकरू गेलं होतं. मी तिच्याशी पुढं कितीतरी महिने बोलले नाही.

का, ते मला फार नंतर समजलं. माझे पाय सुजून चपलेत मावत नव्हते. तीन दिवस मी भिंतीला टेकून झोपले होते. तो राग न्यायानिवाड्याचा नव्हताच, तो थकव्याचा होता, आणि थकव्याला समोर कुणीतरी लागतं. ज्यानं तीन दिवस आम्हाला पाळी बदलून दिली नाही, जेवायला सांगितलं नाही, त्या व्यवस्थेचं तोंड मला दिसत नव्हतं. त्या सिस्टरचं दिसत होतं.

म्हणून तुझ्या त्या सहकारणीला उत्तर देत बसू नको. "माझ्या घरची परिस्थिती..." असं सुरू केलंस की तिला ऐकूच येणार नाही, कारण घर तिलाही होतं. तिच्याकडं जा आणि तिला विचार की त्या चाळीस तासांत काय काय झालं. ती सांगेल. सर्पदंशाच्या पेशंटचं, बाळंतपणाचं, लाईट गेल्यावर टॉर्च कुणी धरली त्याचं. मधे बोलू नको. ऐकून झालं की म्हण, "माझ्या जागेवर तू उभी होतीस." मग येत्या लग्नसराईतल्या तिच्या दोन नाईट तू घे. इन्चार्जला सांगून, रजिस्टरला लिहून. शब्दांपेक्षा बदली ड्युटी लवकर पोहोचते.

तुझा प्रश्न तुझ्या एकटीचा नाही, म्हणून थोडं मोठं बोलते.

२००५ साली न्यूयॉर्क परिसरातल्या सहा हजारांहून जास्त आरोग्य कर्मचाऱ्यांची एक पाहणी प्रसिद्ध झाली होती. त्यात दोन प्रश्न वेगवेगळे विचारले: संकटात कामावर यायची तुमची तयारी आहे का, आणि तुम्हाला येता येईल का. मोठ्या हिमवादळात ८० टक्के लोक यायला तयार होते, पण येता येईल म्हणणारे ४९ टक्केच. सार्ससारख्या साथीत उलटं झालं. येता येईल म्हणणारे ६४ टक्के, पण यायची तयारी ४८ टक्क्यांची. बर्फाच्या जागी आपण पूर धरू. तुझं दुखणं पहिल्या प्रकारचं आहे. मन दवाखान्यात, पाय पाण्यात. हजेरीपटाला हा फरक कळत नाही, तो दोघींपुढं एकच 'गैरहजर' लिहितो. आणि अडचणी काय सांगितल्या होत्या त्या लोकांनी? वाहन, लेकरं, म्हातारी माणसं आणि घरातले पाळीव प्राणी. न्यूयॉर्कची कुत्री-मांजरं आणि आपल्या दावणीची म्हैस, फरक एवढाच. तुझे मालक जनावरं सोडायला गेले नसते तर सासूबाईंपाशी थांबायला घरात माणूस होता. गोठ्याचा प्रश्न हा दवाखान्याच्या हजेरीचा प्रश्न असतो, हे आपल्याकडं कुठल्याच बैठकीत कुणी बोलत नाही.

आपत्तीच्या योजना करणारे बहुतेक असं धरून चालतात की डॉक्टर-सिस्टर कुठून तरी बाहेरून येतात, कोरड्या जागेवरून. तसं नसतं. २६ जानेवारी २००१ ला भूजला सिव्हिल हॉस्पिटलच कोसळलं, पेशंट आणि कर्मचारी दोघंही त्यात गेले, आणि जे वाचले त्यांनी उघड्या मैदानावर काम केलं. ज्या गावाला पाणी लागतं त्याच गावातून सिस्टर यायची असते.

मग करायचं काय? तुमच्या अधीक्षकांना एक गोष्ट सुचव. तू एकटीनं नको, चौघी-पाचजणी मिळून, आणि त्यात ती न बोलणारीही असू दे. दवाखान्याच्या एका भिंतीवर सगळ्या कर्मचाऱ्यांची यादी लावायची: नाव, गाव, आणि मधे कोणतं पाणी येतं. मांजरा, तेरणा, अमुक ओढा, तमुक नाला. शिपाई, वॉर्डबॉय, सफाई कामगार, १०८ रुग्णवाहिकेचा चालक सगळे त्यात आले पाहिजेत, कारण सर्पदंशाचा पेशंट आणायला सिस्टर जात नाही. एकदा ही यादी डोळ्यांसमोर आली की कळतं, अमका पूल बुडाला की निम्मी नाईट बुडाली.

अमेरिकेत मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर चक्रीवादळं येतात. तिथल्या दवाखान्यांत वादळाआधीच दोन तुकड्या करतात. एक तुकडी वादळापूर्वी आत येऊन मुक्काम करते आणि ते संपेपर्यंत राहते. दुसरी घरी थांबते, आपली माणसं सांभाळते आणि रस्ते खुले झाले की पहिलीला सोडवते. दोन्ही तुकड्यांचं काम आधीच ठरलेलं असतं. आपल्याकडं हवामान खातं रेड अलर्ट आदल्या दिवशीही देतं. तो आला की पाण्यापलीकडच्यांनी संध्याकाळीच अलीकडं यायचं किंवा आधीच दुसऱ्या तुकडीत नाव घालायचं, एवढं ठरवायला पैसा लागत नाही. मुक्कामाला एक खोली, चार गाद्या, डाळ-तांदूळ आणि लेकरू सोबत आणायची मुभा लागते. शेवटचं मी मुद्दाम लिहिलंय. किल्लारीच्या वेळी आमच्या आया-मावश्यांतल्या एकीनं ड्रेसिंगच्या खोलीच्या कोपऱ्यात सतरंजी टाकून कर्मचाऱ्यांची पाच लेकरं सांभाळली, कुणी सांगितलं नव्हतं. त्या सतरंजीमुळं तीन सिस्टर कामाला उभ्या राहू शकल्या.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं २०१६ साली रुग्णालय सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. दवाखान्याचा आपत्ती आराखडा असावा, हे त्यात आहेच. तुमचा आराखडा बहुधा कपाटात असेल. बघायला माग. त्यात तुझं नाव कोणत्या कामापुढं आहे ते वाच. नसेल तर नोटीस नेमकी कशाची, हा प्रश्न खुलाशात विनयानं विचारता येतो.

घरचं थोडक्यात. मे संपायच्या आत मालकांसोबत बसून ठरवा: पाणी येतंय कळलं की जनावरं आधी संध्याकाळीच उंचावर, रात्री नाही. सासूबाईंना हलवायला चार माणसं लागतात, त्यांची नावं आत्ताच पक्की करा. लेकरू कुणाकडं. सासूबाईंच्या गोळ्या आठ दिवसांच्या, प्लास्टिकच्या पिशवीत, दाराजवळ. तुझा एक गणवेश दवाखान्यातच ठेव. रेंज गेली तर निरोप कुणामार्फत, हेही ठरव. गावात पोलीस पाटील आहे, आशाताई आहे, बचावाची बोट आली तर तिच्यावरचा माणूस आहे. यांच्यापैकी कुणाच्याही हाती "अमुक सिस्टर, गावात अडकली आहे, सुखरूप आहे" अशी चिठ्ठी देता येते. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७ नंबर पाठ असू दे. रेंजची एक काडी आली की पहिला फोन तिथं नाही, पहिला फोन तुझ्या इन्चार्जला. उचलायला भीती वाटली तर मेसेज कर. तीन शब्द पुरतात: येऊ शकत नाही.

आणि रात्रीच्या झोपेचं. तुला त्या दोन दिवसांचं ओझं वाटतंय, पण तू त्या दोन दिवसांत एक आजारी म्हातारी बाजेवरून सुरक्षित हलवलीस, तिला पाठीला जखम होऊ न देता शाळेच्या फरशीवर दोन रात्री सांभाळलंस. वॉर्डात हेच काम केलं असतंस तर त्याला नर्सिंग म्हटलं असतं. तिथं त्या शाळेत आणखी किती लोक होते? कुणाची शुगर, कुणाची बीपीची गोळी, कुणाचा ताप, कुणाच्या पायाला पत्रा लागलेला, हे सगळे तुझ्याकडंच आले असणार, कारण सिस्टर म्हणून गावात तूच आहेस. पत्रात तू त्यातलं काहीच लिहिलं नाहीस. आठव आणि खुलाशाच्या शेवटच्या परिच्छेदात ते घाल, नावांसह, सरपंचाच्या दाखल्यात आलं तर अजून बरं.

खुलाशाचा कच्चा कागद आधी मला पाठव, मी वाचून लगेच परत करते. आणि ती सिस्टर बोलायला लागली की तेही कळव.

तुझी,
अक्का